ताडपत्री परत मिळणेबाबत

प्रति,
मा. मेटल डिटेक्टर साहेब (दारचौकट प्रकार),
मुक्काम : मोठे पाहुणे जातील तिथे.

विषय : गोसीखुर्द येथील कार्यक्रमात आपल्या अंगावर पांघरलेली निळी ताडपत्री परत मिळणेबाबत.

संदर्भ : नोव्हेंबरातला अवकाळी पाऊस.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी पवनी तालुक्यातला प्रकल्पग्रस्त आहे. पूर्वी माझ्या पत्त्यात नुसतं गावाचं नाव होतं, आता त्याच्यापुढे कंसात ‘पुनर्वसन’ लिहावं लागतं. आपली-माझी भेट एकाच दुपारची. आपल्याला ती आठवत नसेल. आपण माणसांची तोंडं पाहत नाही, खिसे पाहता.

त्या दिवशी धरण बघायला मोठे पाहुणे येणार होते. मंडपाच्या तोंडाशी आपण दोन पाय रोवून उभे होता. मी पाऊल टाकलं आणि आपण केकाटलात. बंदोबस्तातल्या जवानानं मला बाजूला घेतलं.

“खिशात काय हाय?”

“कडी.”

“कशाची?”

“दाराची.”

“दार कुठं हाय?”

“दार घरी हाय जी. घर धरणात हाय.”

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. पण गाव उठलं तेव्हा आम्ही कवेलू उतरवले, सागाच्या चौकटी उपटल्या आणि बंडीवर घालून नव्या जागी आणल्या. भिंती तेवढ्या बंडीत मावल्या नाहीत. त्या दाराची कडी झिजली होती, तिच्या मापाची नवी पवनीच्या बाजारातून आणायची, म्हणून ती खिशात. जवानानं कडी टेबलावर ठेवून घेतली आणि जाताना न्या म्हणाला. तिचं पुढे काय झालं ते खाली येईलच.

इथं एक नम्र निरीक्षण नोंदवतो. आपण चौकट, माझीही चौकट. आपल्याला भिंत नाही, आणि नव्या जागी माझ्या चौकटीलाही बरेच दिवस नव्हती. तिनं तीन पावसाळे उघड्यावर काढले. साग जुना होता म्हणून टिकली. त्या तीन पावसाळ्यांत ‘अरे, तिच्यावर काहीतरी घाला रे’ असं कोणी ओरडल्याचं स्मरत नाही. आपल्या वेळी मात्र पहिला थेंब पडायच्या आत अकरा जण ओरडले. मी मोजले.

आभाळ पवनीकडून काळं होत आलं. ‘मशीन भिजू देऊ नका! ताडपत्री कोणाकडे आहे?’ अशी विचारणा झाली. धानाच्या जिल्ह्यात ताडपत्री कोणाकडे आहे हे विचारणं म्हणजे पंढरपुरात टाळ कोणाकडे आहेत असं विचारणं. दरवर्षी खरेदी केंद्राबाहेर कट्टे उघड्यावर पडतात, दरवर्षी अवकाळी येतो आणि दरवर्षी पेपरात भिजलेल्या धानाचा फोटो छापून येतो. आमच्याकडे बँकेचं पासबुक नसेल, पण ताडपत्री असते. सवयीनं माझा हात वर गेला. माझी ताडपत्री त्या घटकेला अंगणात चाळीस कट्ट्यांवर होती. ‘अर्ध्या तासाचं काम आहे, लगेच परत देतो,’ असं एका साहेबांनी सांगितलं. मी मोटारसायकलवर गेलो आणि कट्टे उघडे टाकून ती आणली.

पुढचे दोन तास मी आपल्या डोक्यावर तिचा एक कोपरा धरून उभा होतो. इतक्या जवळून आपला अभ्यास करण्याची संधी प्रकल्पग्रस्ताला सहसा मिळत नाही, त्यामुळे चार गोष्टी सुचवण्याचं धाडस करतो. आपल्या पाठीवर ‘आयपी’ अक्षरांपुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६५ असेल तर पाण्याचा फवाराही सोसतो, आयपी २० असेल तर पावसापुढे आपलं काही चालत नाही. मागवणाऱ्यानं ते आकडे पाहावेत. एरवी आमचे सगळे आकडे इतके बारकाईनं तपासले जातात, हेही दोन पाहायला हरकत नाही. आपलं डोकं, म्हणजे सगळं सर्किट, वरच्या आडव्या पट्टीत असतं आणि पाणी शिरतं ते जोडाच्या फटीतून. पाय चिखलात ठेवू नयेत, खाली लाकडी फळ्या घालाव्यात. वायरीचा जोड जमिनीवर लोळू देऊ नये, कारण तिथे आपण नाही, माणूस मरतो.

निवारा करायचा तर पत्र्याचा नको आणि लोखंडी पाइपांचाही नको. आपण आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र पसरता, त्यात धातू आला की त्याच्यात बारीक प्रवाह उमटतात आणि आपण ओळखता. बाजूचा पत्रा वाऱ्यानं हलला तरी आपल्याला तो माणूसच वाटतो. तेव्हा बांबू रोवावेत, आमच्या भागात बांबूला तोटा नाही. प्लास्टिक घट्ट गुंडाळून आपल्याला रात्रभर ठेवू नये, आतून घाम येतो आणि पावसानं केलं नसतं ते घाम करतो. भिजल्यावर लगेच चालू करून पाहण्याचा मोह तर अजिबात नको. आपले धाकटे बंधू, हातात धरायचे ते दंडुके, त्यांचा सेल काढून ठेवावा, पुसावं, आणि बुटांच्या खोक्यात निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात घालावं. लोक तांदळात पुरायला सांगतात. तांदळाची आमच्याकडे वाण नाही, पण कोंडा आत जातो. शिवाय त्या दिवसानंतर माझ्याकडे कोरडा तांदूळही राहिला नाही.

आपल्या घराण्याला हे आजूबाजूच्या लोखंडाचं वावडं जुनंच आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. शरीरात अडकलेली गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपल्या पणजोबांना घेऊन गेले. यंत्र भलतीकडेच वाजत राहिलं, कारण पलंगाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. गोळी सापडली नाही, राष्ट्राध्यक्ष वारले. सांगायचं कारण असं की माझ्या ताडपत्रीच्या काठाला ॲल्युमिनियमचे छल्ले आहेत. त्यातला माझ्या कोपऱ्याचा छल्ला तुटलेला. दोरी राहीना, कोपरा उडू लागला. मग त्याच जवानानं टेबलावरची माझी कडी उचलली आणि दोरीच्या टोकाला वजन म्हणून बांधली. वारा आला की कडी आपल्या खांबावर आपटायची, आणि समोर चिटपाखरू नसतानाही आपण ठणाणा वाजायचात. पाहुण्यांच्या गाड्या आल्या तेव्हा बंदोबस्तात धावपळ उडाली. शेवटी तोड निघाली : आपल्याला बंद करण्यात आलं. मग सगळे आपल्यातून गेले, पाहुणे, त्यांची माणसं, मागून आमची माणसं, विळे-आडकित्ते-जोडव्यांसकट. आपण हूं की चूं केलं नाही. पण कोरडे होता. बंद यंत्र भिजू नये म्हणून मी आणखी पाऊण तास उभा होतो.

मंडपातून भाषण ऐकू येत होतं. २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींनी या धरणाचं भूमिपूजन केलं, तेव्हा मी हाफ पँटीत गर्दीत उभा होतो. ३७२ कोटींचा प्रकल्प होता. पुढे खर्चाचा अंदाज अठरा हजार कोटींच्या वर गेला. अडीच लाख हेक्टरांचं सिंचन आणि तेहतीस दरवाजे असं सगळं पुन्हा एकदा सांगून झालं. त्या तेहतीस दरवाजांच्या कड्या कोण उघडतं हे आम्हाला ऑगस्ट २०२० च्या शेवटी कळलं. मध्य प्रदेशातून संजय सरोवराचं पाणी आलं, इथले सगळे दरवाजे उघडले आणि वैनगंगेच्या वरच्या-खालच्या गावांनी एकाच आठवड्यात पाणी पाहिलं. तेव्हा छपरावर बसलेल्यांना ताडपत्री हवी होती. असो, विषय तो नाही.

जाता जाता एक खासगी विनंती. जुन्या घराच्या विहिरीत माझ्या आईचा पितळी गुंड पडला होता, भंडाऱ्याचा, जाड बुडाचा. गऱ्या टाकून दोन दिवस शोधला, मिळाला नाही. मग गाव उठलं. आता ती विहीर धरणाच्या पाण्याखाली आहे, म्हणजे पाण्याच्या आत पाणी आणि त्याच्या आत गुंड. ऐकतो की आपल्या भाऊबंदांत पाण्याखाली चालणारेही आहेत, समुद्रात बुडालेली जहाजं धुंडाळतात. आपण चार थेंबांना भिता हे पाहिलंय, तेव्हा आपल्याला नाही म्हणत, पण त्यांच्याकडे शब्द टाकावा. कायद्याचीही अडचण येऊ नये. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरांना कळवावं लागतं, ते मी कळवीन. आणि ते शंभर वर्षांच्या आत ठेवलेलं असेल तर ठेवणाऱ्याला किंवा त्याच्या वारसाला दावा सांगता येतो. आई गेली, पण मी आहे.

आता मूळ विषय. कार्यक्रम संपला, आपल्याला ताडपत्रीसकट गुंडाळून गाडीत घालण्यात आलं आणि गाडी गेली. ‘उद्या येऊन घेऊन जा’ असं सांगण्यात आलं, कुठे ते सांगण्यात आलं नाही. मी ज्या ज्या ठिकाणी विचारलं तिथे ताडपत्री आवक नोंदवहीत नाही. घरी चाळीस कट्ट्यांपैकी वरच्या थरातल्या धानाला कोंब फुटले आहेत. हिरवे, एकसारखे, अगदी पऱ्ह्यासारखे. खरेदीवाल्यांनी ते पाहून नुसती मान हलवली.

तरी आपण जिथे असाल तिथे ताडपत्री शोधून परत पाठवण्याची व्यवस्था व्हावी, ही विनंती. निळी आहे, चोवीस बाय अठरा. अशा ताडपत्र्या पुष्कळ असतात, म्हणून खूण देतो : एका कोपऱ्याला छल्ला नाही, दोरीला दाराची लोखंडी कडी आहे. जवळ गेलात की वाजालच.

आपला विश्वासू,
ताडपत्रीधारक