चौसष्ट मानकरी

आरेखनाच्या कचेरीसाठी संगणक खरेदीचा ठराव मंजूर झाला, की ज्या सद्गृहस्थांनी उभ्या आयुष्यात एक रेघही स्वहस्ते ओढलेली नसते, त्यांनाच प्रोसेसरचे कोर मोजण्याचा अनावर उत्साह चढतो, आणि दरपत्रकात 64 कोरांचा थ्रेडरिपर दिसताच त्यांची मुद्रा प्रफुल्लित होते. वस्तुस्थिती अशी, की सॉलिडवर्क्ससारख्या प्रणालीत त्रिमितीय भाग घडविताना प्रत्येक पायरी बहुधा आधीच्या पायरीवर विसंबून असते; ठोकळा उभा राहिल्यावाचून त्यास भोक पडत नाही, आणि भोक पडल्यावाचून त्याची कड गोलावता येत नाही; सबब एक माप बदलले, की सारा फेरहिशेब बहुतांशी एकच कोर मुकाट्याने करीत बसतो, आणि उरलेले 63 मानकरी तनखा खात स्वस्थ असतात. कामाचा निम्मा भाग क्रमानेच करणे प्राप्त असेल, तर मदतनीस कितीही नेमले तरी वेग दुपटीपलीकडे जात नाही, हे मर्म संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांच्या 1967 सालच्या प्रतिपादनातूनच निष्पन्न होते. रेंडरिंगसारखी कामे वाटून घेता येतात, तेथे या मंडळींचे सार्थक होते हे मान्य. परंतु नित्याच्या आरेखनास मोजक्या कोरांचा, पण चपळ प्रोसेसर आणि पुरेशी रॅम एवढे पुरते. हा युक्तिवाद खरेदी समितीपुढे करण्यास मात्र कोणी धजत नाही, कारण मार्चअखेर मंजूर रक्कम शिल्लक राहणे, हा दफ्तरी सर्वांत अक्षम्य गुन्हा होय.