दहावी ‘ब’च्या ग्रुपवर सुखदुःख वाटण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शन शाळा सोडून किमान पंचवीस वर्षं झालेल्या आणि व्हॉट्सॲपवरच्या ‘सोनेरी क्षण’, ‘आम्ही दहावी ब’ किंवा तत्सम नावाच्या ग्रुपात कुणीतरी न विचारता ओढलेल्या स्त्री-पुरुषांसाठी आहे. जे अजून त्याच गावात राहतात आणि रोज संध्याकाळी त्याच टपरीवर त्याच तिघांबरोबर कटिंग पितात, त्यांनी हे वाचण्यात वेळ दवडू नये. त्यांची सुखदुःखं चहा गार व्हायच्या आत निकालात निघतात.

२०२२ सालापासून एका ग्रुपात १०२४ माणसं मावतात. दहावी ‘ब’ला एवढ्या जागेची गरज नाही. तुकडीत साठ-सत्तर पोरं होती, त्यातली चाळीसेक सापडली आणि बोलतात फार तर सहा. बाकीचे वाचतात. या मूक वाचकांना कमी लेखणं ही नवख्यांची हमखास चूक. तुमच्या मुलीला बारावीत किती टक्के पडले, हे बोलणारे सहाजण दुसऱ्या दिवशी विसरतात. न बोलणाऱ्यांना ते दशांशासह पाठ असतं.

आता मूळ विषय. सुख आधी घेऊ, कारण ते सोपं आहे.

सुख कधीही स्वतःच्या नावावर जाहीर करू नये. नवी गाडी घेतली असेल तर ‘गाडी घेतली’ असं लिहिणं अडाणीपणाचं लक्षण आहे. ‘आपणा सर्वांच्या आशीर्वादाने आज एक छोटंसं स्वप्न पूर्ण झालं’ असं लिहावं. ग्रुपातले सगळे वर्षा-दीड वर्षाच्या अंतराने जन्मलेले, तेव्हा आशीर्वाद नेमका कुणी दिला हा प्रश्न उरतो, पण तो कुणी विचारत नाही. फोटोत शोरूमवाल्यांनी हातात दिलेली पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पेढ्यांचा बॉक्स आणि कडेला कंटाळलेला मुलगा असावा. मुलगा कंटाळलेला नसेल तर फोटो बनावट वाटतो.

मुलांच्या मार्कांची बातमी देताना ‘आम्ही अभ्यासाचा कधी आग्रह धरला नाही’ हे वाक्य घालणं बंधनकारक आहे. ज्याच्या घरी यंदा ६८ टक्के आलेत, तो त्यावर ‘अभिनंदन! पुढे काय?’ असं लिहील. अभिनंदन चालीरीत म्हणून आहे. त्याचं खरं म्हणणं ‘पुढे काय?’मध्ये आहे. त्याला शब्दांत उत्तर देऊ नये, नुसता अंगठा द्यावा. मे २०२२ मध्ये मेसेजवरच अंगठा, बदाम वगैरे उमटवायची सोय आली, तेव्हापासून कित्येक मैत्र्या मोडता मोडता वाचल्या असं आमचं स्पष्ट मत आहे.

वेळेचं भान ठेवावं. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान टाकलेली आनंदाची बातमी सूर्योदय, गुलाब, वाफाळता चहा आणि दत्तगुरू यांच्याखाली गाडली जाते. रात्री दहाचा सुमार उत्तम. न्यू जर्सीतला सदस्य आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतो, म्हणजे तो त्या वेळी ऑफिसात डबा उघडण्याच्या बेतात असतो. डबा खाणारा माणूस कौतुकाच्या बाबतीत सढळ असतो.

दुःखाचं शास्त्र मात्र किचकट, तेव्हा इथे जरा मांडी घालून बसू.

मूळ नियम असा की दुःख जितकं लहान, तितका प्रतिसाद मोठा. ‘आज पुन्हा मावशी आल्या नाहीत’ एवढंच लिहून पाहावं. भांडी घासायच्या आत ग्रुप पेटून उठतो. कुणाच्या मावशी गावच्या जत्रेला गेल्यात त्या आल्याच नाहीत, कुणी डिशवॉशर घेतलाय आणि आता भांडी आधी विसळून मग त्यात लावतो, असे अनुभव बाहेर पडतात. गुडघेदुखी, ऐन पाहुण्यांच्या वेळी संपलेला सिलेंडर, उकड फसल्यामुळे कळ्या न पडलेले मोदक ही दुःखं मुक्तहस्ते वाटावीत. त्यांवर प्रत्येकाकडे देण्यासारखं काहीतरी असतं. नुसत्या गुडघ्यावर निर्गुडीच्या पाल्याचा शेक, मेथीदाणे, पारिजातकाच्या पानांचा काढा आणि बरीच वर्षं न लागणारा एका वैद्यांचा नंबर अशी बेगमी होते.

तब्येतीविषयी लिहिताना साडूवाल्यापासून सावध राहावं. प्रत्येक ग्रुपात एक असतोच. तुम्हाला जे झालंय ते त्याच्या साडूला आधीच होऊन गेलेलं असतं आणि तुमच्याहून जोरात झालेलं असतं. तो साडू एकतर आता रोज पाच किलोमीटर चालतो, किंवा वारला. दोन्हीकडून कमीपणा तुमच्याकडेच येतो.

रक्ताच्या रिपोर्टचा फोटो टाकायला हरकत नाही. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ७.८ दिसला की बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, प्लॉटिंगचा धंदा करणारे आणि भूगोलाचे शिक्षक असे सगळे त्यावर मतं देतात. बॅचमधली एकुलती एक डॉक्टर तेवढी गप्प असते. ती रात्री वेगळा मेसेज करते, ‘उद्या अकराला ये. फाइल घेऊन ये. आणि मेथ्या बंद कर.’ हा मेसेज ग्रुपवर दाखवू नये. ग्रुपवर ‘सर्वांचे आभार, फरक वाटतोय’ एवढंच लिहावं.

याच्या पुढची पायरी मधल्या आकाराच्या दुःखांची. नोकरी गेली, मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात अडकलाय, आई आता नावाने हाक मारत नाही, घरात नवरा-बायकोचं बोलणं बंद आहे. यांतलं काहीही ग्रुपवर लिहायचं नसतं. ‘कसा आहेस रे?’ या प्रश्नाला ‘मजेत’ हे एकच मान्यताप्राप्त उत्तर आहे. दुसरं काही लिहिलंत तर विचारणारा घाबरतो, आणि शाळेत तोंडी परीक्षेला घाबरायचा तसाच लगेच पाणी प्यायला जातो.

पण माणसाला गप्प बसवत नाही. ते दुःख मग वेश पालटून, फॉरवर्ड होऊन येतं. ते ओळखण्याची विद्या सांगतो. तुटक्या काचेचं चित्र आणि खाली नात्यांविषयी चार ओळी एकदा आल्या तर तो नुसता फॉरवर्ड समजावा. त्याच आठवड्यात तिसऱ्यांदा आल्या तर घरात काहीतरी चाललंय. बाप नावाच्या माणसाचं महत्त्व सांगणारा लांबलचक लेख ज्याने टाकला, त्याचे वडील बहुधा हॉस्पिटलात असतात. मजकुराच्या डोक्यावर दोन बाण असतील तर तो पाच-पाच हात फिरून आलाय, फार मनावर घेऊ नये. एकही बाण नसेल आणि शुद्धलेखनाच्या चुका असतील, तर तो त्याने स्वतः टाइप केलाय. अशा वेळी ‘छान लिहिलंस, शेअर करू का?’ असं विचारणारा सदस्य प्रत्येक ग्रुपात निघतो; त्याला आवरावं.

आता सुप्रभातबद्दल. मोबाइलचं पोट फुगवणारी ही चित्रं बंद करावीत, असा ठराव प्रत्येक ग्रुपात दरवर्षी मांडला जातो आणि दरवर्षी बारगळतो. तो बारगळतो तेच बरं. ती चित्रं म्हणजे हजेरी आहे. फळ्याशेजारी उभं राहून बाई नंबर पुकारायच्या आणि आपण ‘हजर’ म्हणायचो, तेवढाच त्यांचा अर्थ. चार वर्षं न चुकता पावणेसहाला कमळ पाठवणारी मैत्रीण दोन दिवस कमळ पाठवत नाही, तेव्हा हे कळतं. चित्र उघडून पाहिलेलं कुणीच नसतं, तरी ते आलेलं नाही हे माजी मॉनिटरच्या बरोबर लक्षात येतं. मॉनिटरने ग्रुपवर चौकशी करू नये. फोन लावावा. त्या फोनवर काय बोलायचं ते या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर आहे. सहसा सुरुवात ‘काही नाही गं, सहज केला’ अशी होते आणि पुढे पाऊण तास जातो.

मृत्यूची बातमी ही सर्वांत अवघड. पूर्वी पोस्टकार्ड यायचं ते एक कोपरा फाडून. मजकूर वाचायच्या आधीच हाताला कळायचं, आणि वाचून झालं की ते फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. ग्रुपवर ती सोय नाही. आमच्या शाळेचे चित्रकलेचे सर गेल्याची बातमी पुरणपोळीचा फोटो आणि सोसायटीच्या पार्किंगवरचा विनोद यांच्या मधोमध येते. तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते. दुपारी उशिरा ग्रुप उघडणारा एखादा नेमका शेवटचा मेसेज बघून, वाढदिवस असावा या समजुतीने, केकचं चित्र टाकतो. त्याला ओरडू नये. त्याने तो ‘सर्वांसाठी डिलीट’ केला तरी तिथे ‘हा मेसेज डिलीट केला’ असा दगड उभा राहतो आणि मग ज्यांनी केक पाहिला नव्हता तेही एकमेकांना खासगीत विचारतात, काय होतं रे?

जोडलेल्या हातांनंतर किती वेळाने विनोद टाकावा, याबद्दल ग्रुपाग्रुपांत मतभेद आहेत. आमच्या निरीक्षणानुसार थेट विनोदावर कुणी येत नाही. आधी कुणीतरी पावसाचं विचारतं. ‘तुमच्याकडे आहे का रे पाऊस?’ कोल्हापूरवाला सांगतो राधानगरी भरलं, नागपूरवाला सांगतो नुसतं उकडतंय, आणि त्यानंतर पार्किंगचा विनोद चालतो. पावसाळा नसेल तर थंडीचं विचारावं.

ॲडमिनविषयी थोडक्यात. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगून ठेवलं आहे. गेट-टुगेदरच्या वर्गणीचा हिशेब त्यात येत नाही. तो ॲडमिनला द्यावाच लागतो, आणि उरलेले तीनशे चाळीस रुपये कुठे गेले हे पुढच्या गेट-टुगेदरपर्यंत विचारलं जातं.

‘मी मेसेज बघितलाच नाही’ ही सबब वापरू नये. निळ्या खुणा बंद करून ठेवल्यात म्हणून निर्धास्त असाल तर तेही चूक. ती सोय ग्रुपाला लागू नाही. ज्याने दुःख लिहिलंय, तो रात्री त्या मेसेजवर बोट दाबून धरतो आणि माहिती उघडतो. कुणी वाचलं त्यांची नावं तिथे वेळेसकट असतात. माजी मॉनिटर हे रोज करतो असा आमचा संशय आहे.

अखेरीस, ग्रुप सोडण्याबद्दल. राजकारणावरून भांडण झालं की हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. ऑगस्ट २०२२ पासून गुपचूप बाहेर पडता येतं, म्हणजे फक्त ॲडमिनला कळतं. ॲडमिनला कळलं की सगळ्यांना कळतं, हे ती सोय काढणाऱ्यांना माहीत नसावं. शिवाय गेल्या ६० दिवसांत कोण कोण गेलं, याची यादी ग्रुपच्या माहितीत कुणालाही पाहता येते. तरी जायचं असेल तर रात्री साडेअकरानंतर जावं. सकाळी पावणेसहाला कमळ येण्याच्या आत तुम्हाला परत घातलेलं असेल आणि खाली ॲडमिनचा प्रश्न असेल, ‘काय रे, चुकून दाबलंस का?’ याला मान्य उत्तर एकच: ‘हो रे, फोन नवीन आहे.’