पायदानकाका

तळेगाव स्टेशनजवळ काकांचं कॅसेटचं दुकान होतं. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. गल्ल्यावर मुलगा बसतो आणि काका बाहेर स्टुलावर, मांडीवर लाल वही घेऊन.

बिनाका गीतमालेनं बिघडवलेला हा माणूस. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सायानी 'पायदान' म्हणाले की काका पाटावरून उठायचे. तेव्हापासून जगात नुसतं काही नसतं, क्रमांक असतो. लोणावळा लोकलची गर्दी तिसरी. काकूंची मटकीची उसळ 'गेल्या आठवड्यात दुसरी, या आठवड्यात घसरली'. काकू वाढणंही घसरवतात.

वहीत कॅसेटच्या विक्रीची यादी. मी एकदा चाळली, तर पहिल्या नंबरावर कायम प्रल्हाद शिंदे.

"काका, त्या वर्षी लोकांनी आनंद शिंदेंचा 'पोपट' नेला ना?"

"खोक्यांनी नेला! पण बाप असताना मुलगा वर कसा बसेल?"

मग मी त्यांना अमेरिकेतली गंमत सांगितली. तिकडे 'बिलबोर्ड' नावाचं मासिक 1985 पासून साल्सा, मेरेंगे असल्या नाचऱ्या अल्बमांची वेगळी यादी छापतं. काका खूश. लावणीलाही अशी स्वतंत्र ओळ हवी, म्हणाले. पण तिकडे पूर्वी दुकानदार सांगतील तेच खरं मानत. 1991 साली मुख्य यादीसाठी बारकोडवरून खरा खप मोजू लागले, तर कंट्री, म्हणजे त्यांची गावरान गाणी, एकदम वर चढली.

काकांनी वही मिटली. "म्हणजे तिकडेही कोणीतरी पोपट दाबून ठेवला होता," असं म्हणाले आणि जरा वेळानं, "चांगला माणूस असणार."

इथं थांबायला हवं होतं. पण मी बोलून गेलो की 2014 पासून 2018 पर्यंत तिथं गाणी ऑनलाइन 1500 वेळा वाजली की एक अल्बम खपला असं धरत. काकांनी तिथंच हिशेब मांडला: पाच मिनिटांचं गाणं, सव्वाशे तास. आपली गाणी त्या यादीत येतात का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

एकादशीपासून त्यांचा मोबाईल चार्जरसकट गव्हाच्या कोठीत आहे. काकू दळण काढायला झाकण उघडतात तेव्हा विठ्ठल बाहेर येतो.

तुमचं काकांकडे काही काम असेल तर घरी जा. फोन करू नका. गाणं तुटतं आणि ते पुन्हा एकपासून मोजायला लागतात.