तिथीची पाऊणपट

सहलीचं वेळापत्रक मी स्वतः केलं होतं. निघायची वेळ, चहा, जेवण, फेरीबोट, सगळं मिनिटांत. रत्नागिरीच्या मामांनी फोनवर ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्या दिवशी तिथी कुठली?"

"मामा, मुंज नाही करायची, फिरायला येतोय."

"म्हणूनच विचारतो. तिथीची पाऊणपट कर, येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन. ओहोटी त्याआधी सहा तास. आता ठरव काय ते."

ठरवणं सोपं नव्हतं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करायची ती ओहोटीला, आणि हेदवीची बामणघळ बघायची ती भरतीला. एक भाऊ पानावर बसला की दुसऱ्यानं उठायचं, असं या दोघांचं. त्यात चतुर्थीच निघाली. सकाळी नऊला हरिहरेश्वर, दुपारी तीनला हेदवी. मधे सावित्रीची आणि वाशिष्ठीची अशा दोन खाड्या.

नऊला मात्र आम्ही वेळेवर होतो. देवळामागे दोन कड्यांच्या फटीतून पायऱ्या उतरतात आणि एकदम समुद्रच समोर येतो. खाली लाटांनी घासून सपाट केलेला काळ्या खडकाचा ओटा. बाजूचा कडा खाऱ्या पाण्यानं आणि वाऱ्यानं असा पोखरलाय की नुसती भोकंच भोकं. मी भूगोल सांगायच्या बेतात होतो. बायको कड्यावरून हात फिरवत म्हणाली, "अनारशाला जाळी पडावी तर अशी." भूगोल तिथंच संपला.

पुढे बागमांडल्याला फेरीबोट, म्हणजे तिकडची जंगलजेटी, आमच्या डोळ्यांदेखत सुटली. दाभोळला दुसरी सुटली. हेदवीला पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात ही चिंचोळी घळ आहे. भरतीचं पाणी तिच्यात कोंडतं, आणि जायला जागा नाही म्हणून सरळ आभाळात उडतं. आम्ही गेलो तेव्हा ती नुसत्या गुळण्या करत होती. "अडीच तास आधी यायचंत," चहावाला म्हणाला. कोकणात चुकलेल्या माणसाला सल्ला फुकट आणि भरपूर मिळतो.

दुसऱ्या दिवशी कशेळीला निघताना मी निर्धास्त होतो. तिथला हत्ती सड्यावर, जांभ्यात कोरलेला. त्याला भरती नाही, ओहोटी नाही. सुमारे १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद, आणि अश्मयुगीन माणसाच्या हातचा. कोकणातली जी कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यांतला हा एक. असा हत्ती चुकणार कसा?

भर बारा वाजता मी त्याच्या पाठीवर उभा होतो आणि हत्ती कुठं आहे ते शोधत होतो.

गुरं घेऊन चाललेले एक आजोबा थांबले. "काय बघायचं हाय त्यात? पांडवांनी काढलंय." कोकणात न उलगडणारं काहीही पांडवांच्या खात्यावर जातं, आणि तेही एकाच रात्रीतलं. एवढी देवळं, लेणी आणि हत्ती एका रात्रीत उरकायचे, तर कोंबडा आरवेपर्यंत पाचही जणांना बिडी ओढायलासुद्धा उसंत मिळाली नसणार. जाता जाता आजोबा म्हणाले, "आता नाय दिसायचा. उन्हं कलू देत."

थांबलो. साडेपाचच्या सुमाराला तिरपं ऊन आलं, कोरलेल्या चरांत सावली भरली आणि कातळातून सोंड वर आली. मग पाठ, पाय. मग पोटातले मासे, पाखरं, जनावरं, किती तरी. बायको काहीच बोलली नाही, अनारशाबद्दलसुद्धा.

एक मात्र मनात टोचत राहिलं. याच जांभ्याचे चिरे कापून तिकडे घरं बांधतात. चिरेखाणीच्या यंत्राला हत्ती ओळखता येत नाही. एकदा पातं फिरलं की सोंड कुणाच्या गडग्यात आणि शेपूट कुणाच्या न्हाणीघरात.

तेव्हा जाणार असाल तर उन्हं कलल्यावर जा, आणि कोरीव रेघांवर पाय देऊ नका. बामणघळ आमची राहिलीच आहे. पुढच्या खेपेला एकादशी येते. पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे मुक्काम आदल्या रात्री हेदवीलाच.