टू-काका

प्रत्येक सोसायटीत एक टू-काका असतात. बँकेतून, शाळेतून किंवा एखाद्या कचेरीच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालेले. खरी नोकरी मात्र त्यानंतर सुरू होते. खिशात लाल रिफिलचं पेन, आणि कान कायम दुसऱ्याच्या वाक्यात.

आमच्या काकांना ग्रूपवर कुणी ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ लिहिलेलं दिसलं. त्यांनी खाली एवढंच टाकलं, ‘मीटिंग’. संध्याकाळी सहा जण गच्चीवर खुर्च्या मांडून बसले. काका आले, आणि माणसं जमलीच आहेत तर म्हणून त्यांनी पाऊण तास समजावलं की हा टू इन्फिनिटिव्हचा नव्हे, प्रिपोझिशनचा. त्याच्यामागून जेरंडच यायचा. सेक्रेटरींनी इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ असं लिहिलं.

लिफ्टमध्ये पाटी होती, ‘अव्हॉइड टू स्पिट’. काकांनी लाल पेनानं ‘स्पिटिंग’ केलं आणि खाली तक्ताच जोडला: अव्हॉइड, एन्जॉय, फिनिश यांच्यापुढे आयएनजी, वाँट, होप, डिसाइड यांच्यापुढे टू. थुंकणारे अजून थुंकतात, पण तक्ता वाचवून.

जोशीबुवांचं प्रकरण जरा नाजूक. डॉक्टरांनी ‘स्टॉप टू स्मोक’ सांगितलंय, असं ते घाबऱ्या आवाजात म्हणाले. काका उसळले, “अहो, सोडायची असेल तर ‘स्टॉप स्मोकिंग’! ‘स्टॉप टू स्मोक’ म्हणजे ओढण्यासाठी थांबा!” तेव्हापासून जोशीबुवा फिरायला निघाले की प्रत्येक टपरीवर थांबतात. डॉक्टरांचा सल्ला आहे.

काका तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर वाढलेले. त्यामुळे आपली माणसं अडखळतात कुठे, हे त्यांना नेमकं ठाऊक. मराठीत चर्चा कशाविषयी तरी करावी लागते. म्हणून आपण ‘डिस्कस अबाउट’ म्हणतो. डिस्कसला अबाउट लागत नाही. लग्न आपण कुणाशी तरी करतो, म्हणून ‘मॅरिड विथ’. तिथे हवा टू. हे ज्ञान त्यांनी भर मांडवात वाटलं. वधुपिता पाहुण्यांना म्हणाला, “माय एल्डर डॉटर इज मॅरिड विथ अ डॉक्टर.” काका अक्षतांची मूठ उंचावून ओरडले, “टू! टू!” व्याह्यांचा चेहरा पडला. दोन डॉक्टर?

कपाटात रेन आणि मार्टिनचं व्याकरण आहे, खाकी कव्हर घातलेलं. हा रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होता, त्याचा काकांना घरच्यासारखा अभिमान. पण त्याच रेननं १९२४ साली फ्रेंच फॉरिन लीजनच्या शिपायांवर ‘बो जेस्ट’ नावाची कादंबरी लिहिली आणि ती खूप खपली, हे काका कुणाला सांगत नाहीत. व्याकरण येणाऱ्या माणसानं वाळवंटात कशाला जावं? (माझ्या मते जेरंड शिकवून झाल्यावर कुणालाही वाळवंट बरं वाटेल.)

काकांना आवरणं एकट्या काकूंना जमतं. त्यांचं इंग्रजी बेताचं, पण वापर अचूक. काका रुसून खोलीत बसले, दोनदा हाका मारून आले नाहीत, की त्या स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हणतात, “अहो, आता आय विल अँग्री ऑन यू!”

दार धाडकन उघडतं. “ऑन नव्हे, विथ! आणि बी कुठंय? विल बी!”

“वांग्यात आहे. बसा.”