खापर मास्तर

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला की सगळे वर बघतात. कावळा कधी शिवतो, याच्याकडे डोळे लागलेले असतात. मास्तर तेवढे खाली बघतात. सरकत सरकत ते दरडीशी जातात, चपलेच्या टोकानं माती उकरतात, वाकतात आणि बराच वेळ वर येत नाहीत. बाहेरगावचे पाहुणे हळहळतात, "फार जीव होता वाटतं यांचा!" गावाला माहीत असतं, मास्तरांच्या मुठीत एव्हाना तांबडं खापर आलेलं आहे.

प्रवराकाठी दर पाच-सात गावांमागे असा एक मास्तर निघतोच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, खांद्याला शबनम, तिच्यात टॉर्च, टेप, मऊ ब्रश, भिंग आणि एक लांबुळकी वही. आमच्या गावानं त्यांचं नाव खापर मास्तर ठेवलं. गावात काही बिनसलं की पहिलं खापर त्यांच्याच माथी फुटतं, म्हणूनही ते शोभतं.

मास्तरांचं मूळ दुखणं म्हणजे जोर्वे. संगमनेर तालुक्यातल्या या गावी १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं. तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली भांडी निघाली आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या अख्ख्या जगण्याला 'जोर्वे संस्कृती' हे नाव पडलं. पुढं नेवाशाचं उत्खनन झालं. मग १९७४ साली दायमाबादला एका शेतकऱ्यानं झाडाचं मूळ खणता खणता हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ असं साठ किलोंच्या वर भरणारं धातुकाम वर काढलं. झालं, मास्तरांची झोप उडाली. "वर जोर्वे, खाली दायमाबाद अन् नेवासं, आणि मधे आपण कोरडे? ती माणसं काय आपल्या गावाला वळसा घालून गेली?" या प्रश्नावर त्यांनी नोकरीतल्या सगळ्या दिवाळीच्या सुट्ट्या खर्ची घातल्या आहेत.

गावाबाहेर पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, एक टेकाड आहे. मास्तरांचं पंढरपूर तेच. पावसाळ्यात घळी पडल्या की खापरं उघडी होतात. जोर्व्याचं पक्कं भाजलेलं खापर टिचकी मारली की धातूसारखं वाजतं. हे कळल्यापासून मास्तर सगळ्याच गोष्टींना टिचकी मारतात. पाहुण्यांकडे चहा आला की आधी कप कानाशी जातो. घरी फडताळात बिस्किटांचे डबे आहेत, त्यात बिस्किटं कधीच निघत नाहीत. मास्तरीणबाईंनी यावर एकदाच मत दिलं आणि ते अजून कुणाला खोडता आलेलं नाही: "तीन हजार वर्षांपूर्वी कुण्या बाईनं फुटलं म्हणून उकिरड्यावर टाकलं, ते यांनी उचलून माझ्या फडताळात आणून ठेवलं."

मास्तर लग्नाला गेले की मांडवात टिकत नाहीत. मागल्या दारी धुण्याचा दगड पालथा करून बघतात. एकदा खरंच तो वीरगळ निघाला. खालच्या चौकटीत गाई आणि लढाई, मधे वीराला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, शेंड्याला चंद्र-सूर्य. मास्तरांनी तिथल्या तिथे साबणाचा फेस पुसून व्याख्यान सुरू केलं, "गावच्या गाई राखताना मेला हो हा गडी, आणि तुम्ही याच्या पाठीवर गोधड्या आपटताय!" अक्षता पडेपर्यंत अर्धी वऱ्हाडी मंडळी मोरीवर होती.

देवळाच्या बाबतीत मात्र गावात तीन पक्ष आहेत. म्हाताऱ्यांच्या मते ते पांडवांनी एका रात्रीत बांधलं. विश्वस्त मंडळानं फलकावर 'हेमाडपंती' लिहिलंय. मास्तरांचा दोघांवर राग. "हेमाद्री तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. अंबरनाथचं देऊळ १०६० सालचं आहे, त्यालाही लोक हेमाडपंतीच म्हणतात. जन्माआधी दोनशे वर्षं माणूस देवळं बांधत होता का?" इथवर मास्तर अगदी बरोबर असतात. अडचण पुढच्या वाक्यापासून सुरू होते. मग आमचं गाव ग्रीक भूगोलकार टॉलेमीच्या ग्रंथात सापडतं. त्यासाठी गावाच्या नावातली दोन अक्षरं गाळावी आणि एक वाढवावं लागतं, पण ग्रीकांना आपले उच्चार जमत नव्हते, हे मास्तर मोठ्या मनानं समजून घेतात.

शिलालेख वाचायचा तर उजेड आडवा हवा, म्हणून मास्तर रात्री टॉर्च घेऊन निघतात. रात्री, माळावर, दगडाशी ओणवा माणूस! गावाची खात्री पटली, मास्तर गुप्तधनाच्या मागं आहेत. एकदा हवालदार आले.

"मास्तर, खरं सांगा, काय सापडलं?"

"गाढव," मास्तर म्हणाले.

हवालदारांचा चेहरा बदलला. मग घाईघाईनं गद्धेगाळ म्हणजे काय ते समजावणं आलं: राजानं जमीन दान दिली, ती कुणी बळकावू नये म्हणून दगडावर शापवचन कोरलं आणि खाली गाढवाचं न लिहिता येण्याजोगं चित्र काढलं. चित्र पाहून हवालदारांना कायद्याचा जुना धाक पटला. पण मास्तर थांबतील कसे? १८७८च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं भूमिगत धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, हे त्यांनी हवालदारांनाच शिकवलं. परत जाताना हवालदार सुटकेचा निःश्वास टाकत होते.

अशा माणसाकडे एके दिवशी विद्यापीठातली संशोधक मुलगी आली. मास्तरांनी टॉलेमीपासून सुरुवात केली. दुपार कलली तरी तिनं एक अक्षर लिहून घेतलं नाही. शेवटी तिनं विचारलं, "मास्तर, खापरं कुठं कुठं मिळाली, ते लिहून ठेवलंय का?" मास्तरांनी जरा नाराजीनंच ती लांबुळकी वही काढली. तिच्यात कुणाची विहीर, किती हात खोल, मातीचा रंग कोणता, काय निघालं, कुणी दाखवलं, तारीख काय, सगळं होतं. मास्तरांच्या मते ती निव्वळ हमाली होती, खरं संशोधन टॉलेमीत होतं. त्या मुलीनं मात्र पानन् पान फोटोत घेतलं. कारण तोवर पांढरीची माती शेतात टाकायला ट्रॅक्टर लागले होते आणि निम्मं टेकाड उसाखाली गेलं होतं. टेकाडाचा तो निम्मा भाग आता फक्त वहीत आहे.

या वेडाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरं हुडकत फिरले, आणि १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक ग्रंथातलं तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी साठवलेल्या वस्तूंवरच आजचं तेरचं संग्रहालय उभं आहे. त्यांच्याही घरी फडताळावरून कुरबुर झाली असेल.

मास्तरांचे सिद्धान्त ग्राह्य धरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. नोंदी मात्र अवश्य धराव्यात. सिद्धान्त चुकला तर दुसरा मांडता येतो, पण खापर कुठल्या विहिरीतून निघालं हे एकदा विसरलं की ते नुसतं फुटकं मडकं उरतं. तेव्हा तुमच्या तालुक्यातही असा एखादा मास्तर असेलच. त्याच्या गप्पांना तासभर द्या, टॉलेमी आला की मान डोलवा आणि निघण्याआधी वहीचे फोटो काढून घ्या. आणि कृपा करून गावच्या वीरगळाला ऑइलपेंट फासू नका.