रक्ताचा सात-बारा

सटाण्यात चहाच्या टपरीवर कोणी नवखा येऊन बसला की आप्पा त्याला गाव विचारत नाहीत, आडनावही विचारत नाहीत. "लायसन आहे का?" एवढंच म्हणतात. माणूस घाबरून खिशात हात घालतो. आप्पा चष्मा कपाळावर चढवून लायसनवरचा रक्तगट वाचतात आणि मग त्याच्या हातातल्या कपाकडे बघून खिन्न होतात. "ओ पॉझिटिव्ह! आणि दुधाचा चहा पिता, जिभाऊ?"

आप्पा तलाठी म्हणून निवृत्त झाले. उभी हयात बागलाणातल्या जमिनींवर जिरायत, बागायत, पोटखराब असे शिक्के मारण्यात गेली. नोकरी संपली, प्रतवारी करायची खोड राहिली. हाताशी जमीन नाही म्हटल्यावर त्यांनी माणसं घेतली. त्याच सुमारास पुण्याच्या भाच्याने त्यांना एका अमेरिकन पुस्तकाची माहिती दिली. पीटर डी'अ‍ॅडॅमो नावाच्या निसर्गोपचारवाल्याने 1996 साली काढलेलं हे पुस्तक: चार रक्तगट, चार आहार. त्याचं म्हणणं असं की ओ गट सर्वांत जुना, शिकाऱ्यांचा, म्हणून त्यांनी मटण खावं, गहू आणि दूध टाळावं. ए गट शेतीबरोबर आला, त्यांनी शाकाहारी राहावं. बी गट गुराढोरांमागे भटकणाऱ्यांचा, त्यांना दूधदुभतं चालतं. एबी हा अगदी अलीकडचा, दोघांची सरमिसळ.

आप्पांना हे एका वाचनात पटलं, कारण त्यात वारसनोंद होती. "मूळ पुरुष कोण, यावरच हक्क ठरतो," ते म्हणाले. आप्पांचा स्वतःचा गट ओ आहे आणि त्यांना काळ्या मसाल्याचं मटण जिवापाड आवडतं, हाही एक किरकोळ योगायोग.

घरात मात्र महसूल खात्यालाही आवरेना अशी परिस्थिती झाली. बायको, म्हणजे आक्का, आणि मुलगा बी गटाचे, सून ए गटाची. बी गटाला वर्ज्य काय, तर कोंबडी, गहू, मका, मसूर, शेंगदाणे, तीळ आणि टोमॅटो. शेंगदाणे काढून घेतल्यावर ठेचा कशाचा करायचा, हे पुस्तकात नव्हतं. युरोपाच्या मानाने आपल्याकडे बी गटाची माणसं पुष्कळ. त्या सगळ्यांनी आप्पांचं ऐकलं असतं तर तालुक्यातल्या मका आणि टोमॅटोवाल्यांना मोर्चाच काढावा लागला असता. संक्रांतीला तर आप्पांनी दारात आलेल्या एका पाहुण्याच्या तळहातावर ठेवलेला तिळगूळ गट कळताच परत उचलला, आणि वर "गोड बोला" म्हणाले.

आक्कांनी एकदाच वाद घातला. गावाचे देवमामलेदार यशवंतराव महाराज हे आप्पांचं दैवत. महसूल खात्यातला माणूस देवपदाला पोचला, याचा आप्पांना खात्यातर्फे अभिमान आहे. आक्का म्हणाल्या, "1870-71 च्या दुष्काळात महाराजांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला, तेव्हा कोणाचं रक्त तपासलं होतं?" आप्पा शांतपणे म्हणाले, "कसं तपासणार? लँडस्टायनरने गट शोधले 1901 साली." महाराजांना त्यांनी संशयाचा फायदा दिला.

नुसतं सांगून आप्पा थांबले नाहीत, त्यांनी पीकपाहणी सुरू केली. आळीतल्या माणसांची कंबर टेपने मोजायची आणि चार रकान्यांच्या रजिस्टरात लिहायची. ज्याचं पोट उतरलं, त्याच्यापुढे 'गटाचा गुण'. ज्याचं उतरलं नाही, त्याच्यापुढे 'अतिक्रमण', म्हणजे चोरून शेवभाजी खाल्ली. या पद्धतीत सिद्धान्त नापास व्हायला जागाच नव्हती. आणि पोटं खरोखर उतरत होती. ज्या माणसाची साखरेचा चहा, भजी, पाव आणि फरसाण एका दिवशी बंद होतात, त्याचं पोट कोणत्याही गटात उतरतं.

हेच शेवटी गावातल्या एका डॉक्टरांनी त्यांना ऐकवलं. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी 1,455 जणांचा आहार आणि रक्त तपासून 2014 साली निष्कर्ष काढला होता. ए गटासाठी सांगितलेला भाजीपाल्याचा आहार घेणाऱ्यांचं वजन, कंबर, रक्तदाब बरे दिसले, पण ते त्यांचा गट कोणताही असला तरी. आहार आणि गट यांची जोडी जुळवून काही फरक पडला नाही. त्याच्या आदल्या वर्षी या विषयावरचं उपलब्ध संशोधन चाळून पाहिलं गेलं, तेव्हाही या आहाराला आधार सापडला नव्हता. "आणि आप्पा," डॉक्टर म्हणाले, "ए आणि बी गट गिबन माकडांतही आहेत. हा वारसा निदान दोन कोटी वर्षांचा. ती माकडं कुठे कांदे लावत होती?"

आप्पांचा चेहरा उजळला. "म्हणजे आहाराने फरक पडतो, हे टोरांटोवाल्यांनीही मान्य केलं!" निकालपत्रातला आपल्या बाजूचा अर्धा परिच्छेद उचलायचं शिक्षण त्यांना कचेरीतच मिळालं होतं.

मग डॉक्टरांनी ठेवणीतलं काढलं. 1952 साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळाच गट शोधला, बॉम्बे ब्लड ग्रुप. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एखाद्याचा असतो. साध्या तपासणीत तो ओ दिसतो, पण ओ गटाचं रक्तही त्या माणसाला चालत नाही. "आता याला शिकारी म्हणायचं की काय म्हणायचं?"

आप्पा पहिल्यांदाच काही न बोलता घरी गेले. शेजाऱ्यांना वाटलं, सुटलो. आता रजिस्टर रद्दीत जाणार, शेंगदाणे मोकळे होणार. पण आप्पांसारखी माणसं तब्येतीसाठी पथ्य पाळतच नाहीत. "थोडं खा, भाजी जास्त खा, चाला" हा सल्ला खरा असतो, पण तो सगळ्यांना सारखाच लागू पडतो, आणि सामाईक खात्यात कोणाला गोडी? प्रत्येकाला आपल्या नावाचा स्वतंत्र उतारा हवा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा पट्टी-पेन्सिल घेऊन बसले. ओ च्या रकान्यात त्यांनी एक बारीक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'पोटहिस्सा: बॉम्बे'. खाली शिरस्त्याप्रमाणे, 'हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.' कागद ओट्यावरच्या खांबाला डकवला.

हरकत एकच आली, तीही तोंडी. आक्का आतून म्हणाल्या, "जेवाले चाला." ताटात सगळ्यांना तीच बाजरीची भाकरी, तेच भरीत आणि तोच शेंगदाण्याचा ठेचा होता. आप्पांनी दुसरी भाकरी मागून घेतली आणि रजिस्टरात शेरा मारला, 'स्थळपाहणी केली.'